खेळायचे यंत्र आणि लिहायचे यंत्र



इलेक्ट्रॉनिक खेळांच्या क्षेत्रात एक वाद गेली चार दशके अखंड चालू आहे. खेळ कन्सोलवर खेळावा की संगणकावर, हा तो वाद होय. कन्सोल म्हणजे केवळ खेळांसाठी घडवलेले, दूरचित्रवाणी संचाला जोडायचे यंत्र. संगणक म्हणजे पत्रलेखनापासून हिशेबापर्यंत नाना कामे करणारे आणि त्यांतच खेळही चालवणारे यंत्र. कन्सोलचे पक्षपाती सांगतात की, त्यांचे यंत्र तुलनेने स्वस्त असते, जोडताक्षणी चालू होते आणि पुढे पाच-सात वर्षे त्यात काही बदलावे लागत नाही. संगणकाच्या पक्षाचे म्हणणे असे की, त्यांच्या यंत्रावर चित्र अधिक रेखीव उमटते आणि जुना झालेला भाग काढून त्या जागी नवा बसवता येतो. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु किंमत आणि चित्राचा रेखीवपणा यांची मापे दर दोन-चार वर्षांनी बदलतात. त्यामुळे या मापांनी हा वाद कधीच निकालात निघत नाही.

वादाचे मूळ पाहायचे असेल तर ही दोन्ही यंत्रे जेव्हा एकमेकांच्या अगदी निकट होती, त्या काळाकडे वळले पाहिजे. तो काळ स्थूलमानाने १९७५ ते १९९० हा होय. आणि त्या काळातील एक बोलके भारतीय उदाहरण चंडीगडच्या वेशीवर सापडते.

चंडीगड शहराला लागूनच पंजाबातील मोहाली हे नगर वसले आहे. तेथे केंद्र सरकारने 'सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड' ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी उभारली. सिलिकनच्या चकतीवर सूक्ष्म मंडले कोरून चिप तयार करण्याची विद्या देशात आणावी, हा तिचा हेतू. १९८४ साली या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. त्या वेळी तेथील मंडलांतील रेषेची जाडी पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाच्या पाचपट होती. चिपचे कारखाने तेव्हा जगातील मोजक्याच देशांत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपक्रमाचे धाडस कळून येते.

या कंपनीने चिपबरोबरच एक संपूर्ण संगणकही बाजारात आणला. ब्रिटनमधील एकॉर्न या कंपनीने तेथील बीबीसीच्या संगणक-साक्षरतेच्या मोहिमेसाठी १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक तयार केला होता. त्याच संगणकाची भारतीय आवृत्ती परवान्यानुसार 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने निघाली. याला कारण होते ते शाळांचे. १९८४-८५ मध्ये शिक्षण मंत्रालय, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी मिळून शाळांतून संगणक-परिचय करून देणारा 'क्लास' हा प्रकल्प हाती घेतला. आरंभी सुमारे अडीचशे शाळा निवडण्यात आल्या आणि तेथे बीबीसी मायक्रो देण्याचे ठरले. त्याच वर्षी, म्हणजे नोव्हेंबर १९८४ मध्ये, सरकारने नवे संगणक-धोरण जाहीर करून या क्षेत्रावरील निर्बंध बरेच सैल केले होते.

आता या संगणकाच्या अंतरंगात डोकावणे अगत्याचे आहे. त्याच्या केंद्रस्थानी '६५०२' या क्रमांकाने ओळखली जाणारी चिप होती. अमेरिकेतील एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत चक पेडल यांच्या गटाने ती १९७५ मध्ये तयार केली. अन्य कंपन्यांच्या अशा चिप्स शेकडो डॉलरना मिळत असताना ही अवघ्या पंचवीस डॉलरना विकली गेली. तिच्यात ट्रान्झिस्टरांची संख्या साधारण साडेतीन हजार. आजच्या चिप्समध्ये ती संख्या अब्जावधींत मोजतात. परंतु या लहानशा वस्तूने संगणक प्रथमच घरगुती खर्चाच्या आटोक्यात आणला. १९७७ मध्ये स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांचा 'अ‍ॅपल टू' याच चिपवर उभा राहिला. त्याच वर्षी अटारी कंपनीचा खेळांचा कन्सोलही आला आणि त्यात हिचेच एक स्वस्त, छाटलेले रूप वापरलेले होते.

तथापि खरे नवल पुढेच आहे. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने 'फॅमिली कॉम्प्युटर' या नावाचा कन्सोल विक्रीस आणला. जपानी लोक त्याला लाडाने 'फॅमिकॉम' म्हणत. पुढे १९८५ पासून अमेरिकेत तो वेगळ्या वेष्टनात विकला गेला. या कन्सोलसाठी रिको कंपनीने जी चिप घडवली, तिचा गाभा ६५०२ चाच होता. दशमान हिशेबाची सोय तेवढी बंद केलेली, आणि त्या जागी ध्वनी निर्माण करणारे मंडल शेजारी बसवलेले. म्हणजे, ज्या चिपवर भारतीय शाळेतील मुलांनी संगणकाचा श्रीगणेशा करावा असे ठरले, तिच्याच सख्ख्या बहिणीवर जपानी व अमेरिकी मुले मारिओ नावाच्या नळजोडाऱ्याला उड्या मारायला लावत होती. कन्सोल आणि संगणक ही दोन भिन्न जातींची यंत्रे आहेत, हा समज येथेच गळून पडतो.

मग फरक होता तो कोठे? प्रथम क्षमतेचा विचार करू. बीबीसी मायक्रोच्या 'बी' नमुन्यात बत्तीस किलोबाइट स्मृती होती आणि चिप सेकंदाला वीस लाख ठोक्यांच्या गतीने चाले. फॅमिकॉमची गती याहून थोडी कमी, आणि कामासाठी स्मृती केवळ दोन किलोबाइट. कागदावर पाहता संगणक कितीतरी सरस ठरावा. प्रत्यक्षात मात्र पळणारी, उडणारी, पडदाभर सरकणारी चित्रे फॅमिकॉमवर अधिक सफाईने हालत. याचे कारण असे की, चित्रे हलवण्याचे काम करणारी एक स्वतंत्र चिप त्यात बसवलेली होती. बीबीसी मायक्रोत हा भार मुख्य चिपलाच वाहावा लागे. शिवाय खेळ काडतुसासारख्या डबीतून येत असल्याने आज्ञावली आणि चित्रे त्या डबीतच साठवलेली असत. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जगप्रसिद्ध खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांत मावला होता. एका कामासाठी घडवलेले हत्यार त्या कामात सरस ठरते, हा कारागिरांचा जुना अनुभव आहे. अडकित्ता सुपारी जशी कातरतो तशी विळी कातरत नाही. कन्सोलच्या पक्षाचे हे बळ नाकारण्याचे कारण नाही.

याउलट संगणकाच्या पक्षाचा पुरावा पाहावा. १९८४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रोसाठी 'एलीट' हा खेळ लिहिला. त्यात खेळणारा अवकाशयान घेऊन ग्रहोग्रही व्यापार करीत हिंडे. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. आणि प्रत्येक ग्रहाचे नाव, राज्यपद्धती व बाजारभाव निराळे. एवढी माहिती त्या तुटपुंज्या स्मृतीत मावणे अशक्य होते. म्हणून या विद्यार्थ्यांनी ती साठवलीच नाही. एका बीजसंख्येपासून गणिताने दर वेळी नव्याने ती उपजवली. ही कल्पना एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. ज्या यंत्रावर तो खेळ पुढे खेळला गेला, तसल्याच यंत्रासमोर बसून दोन तरुणांनी ती साकार केली.

येथे दोन यंत्रांमधील मूलभूत भेद हाती लागतो. बीबीसी मायक्रो सुरू केला की पडद्यावर एक लहानसे चिन्ह लुकलुकू लागे आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. समोर कळफलक असे. मुलाने दोन ओळी टंकल्या की यंत्र त्या पाळी. चूक झाली तर चूक दाखवी. खेळ चालवण्यासाठीही आरंभी काही अक्षरे टंकावीच लागत. म्हणजे खेळाकडे जाणारी वाट लेखनाच्या अंगणातूनच जाई. कन्सोल सुरू केला की मात्र थेट खेळच समोर येई, आणि डबी बसवलेली नसेल तर काहीच येत नसे. त्यावर लिहिण्याची सोय मूळ यंत्रात नव्हती. एवढेच नव्हे, तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेंडोच्या यंत्रात एक कुलूपवजा चिप होती. डबीत तिची जोडीदार चिप नसेल, तर यंत्र खेळ चालवायला नकार देई. ती जोडीदार चिप निन्टेंडोकडूनच मिळे. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना वर्षाला पाचच खेळ काढण्याची मर्यादा घातलेली होती आणि डब्याही निन्टेंडोकडूनच तयार करून घ्याव्या लागत.

या कुलपाला कारण होते, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. त्याआधी अमेरिकेत वाटेल त्याने वाटेल तसले खेळ बाजारात ओतले होते. ग्राहक विटले, आणि १९८३ मध्ये तो सारा धंदा कोसळला. अटारी कंपनीने न खपलेल्या डब्या न्यू मेक्सिको राज्यातील अलमोगोर्डो गावाच्या कचरा-भूमीत पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरूनही काढण्यात आल्या. अशा बाजारात पुन्हा विश्वास निर्माण करायचा, तर दारावर पहारेकरी हवा, असे निन्टेंडोला वाटले तर ते चुकीचे म्हणता येणार नाही. कुलपामुळे वाईट माल बाहेर राहिला. मात्र त्याच कुलपामुळे घरातील मूलही बाहेर राहिले. ते खेळू शके. लिहू शकत नसे.

या भेदाचे मर्म दाखवणारा एक प्रसंग १९९० मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात घडला. जॉन कार्मॅक नावाच्या तरुण आज्ञावलीकाराने साध्या पीसीवर पडदा सफाईने सरकवण्याची युक्ती शोधून काढली. ही गोष्ट त्या वेळी केवळ कन्सोललाच साधते, असा समज होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी मारिओच्या तिसऱ्या खेळाची नक्कल पीसीवर उतरवून निन्टेंडोला दाखवली. निन्टेंडोने नकार दिला. आपले खेळ इतरांच्या यंत्रावर नेण्यात तिला रस नव्हता. मग या मंडळींनी तीच युक्ती वापरून 'कमांडर कीन' हा स्वतःचा खेळ त्याच वर्षाच्या डिसेंबरात काढला आणि १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. 'डूम'ची रचना अशी होती की, खेळणाऱ्यांना त्यात स्वतःचे नकाशे व चित्रे भरता यावीत. पुढे 'हाफ-लाइफ' या खेळात असेच फेरफार करून दोन हौशी तरुणांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' घडवला, आणि तो जगभर मूळ खेळाइतकाच गाजला. पीसीला परवानगी मागावी लागत नव्हती. एवढ्या एका गोष्टीतून हे सारे निघाले.

मराठी वाचकाला याहूनही जवळचे एक उदाहरण आहे. पीसीच्या पेटीत अधिकची मंडले बसवण्यासाठी रिकाम्या खाचा असत. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेल्या संशोधनातून 'जिस्ट' नावाचे कार्ड तयार झाले. ते या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी बनवलेल्या यंत्रावर देवनागरी अक्षरे उमटू लागत. यंत्राच्या मूळ निर्मात्याने देवनागरीचा विचार केलेला नव्हता. परंतु त्याने दार बंद केलेले नव्हते, म्हणून आपली लिपी आत जाऊ शकली. कुलूप लावलेल्या यंत्रात हे घडले नसते.

येथवरच्या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, संगणकाचा पक्ष खरा आणि वाद मिटला. वस्तुतः इतके सोपे नाही, आणि ते का नाही हे पुन्हा 'क्लास' प्रकल्पच सांगतो. एका शाळेच्या वाट्याला मोजकीच यंत्रे आली. मुलांची संख्या मोठी, तास ठरलेला. आरंभीच्या बहुतेक शैक्षणिक आज्ञावल्या ब्रिटनमधून आलेल्या आणि इंग्रजीत होत्या. शिक्षकांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण मिळालेले. लिहिण्याची सोय यंत्रात होती. परंतु एकट्याने बसून चुका करायला, त्या सुधारायला आणि पुन्हा चुकायला जो निवांत वेळ लागतो, तो मुलांना क्वचितच लाभला. ज्या ब्रिटनमध्ये 'एलीट' लिहिला गेला, तेथे हा संगणक शाळेबरोबर घरीही होता. उघडे यंत्र कडीकुलपात ठेवलेल्या खोलीत असेल, तर त्याचा उघडेपणा कोणाच्या उपयोगाचा?

मोहालीच्या कारखान्याचेही नशीब खडतर निघाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे भीषण आग लागली आणि चिपनिर्मितीची सारी यंत्रणा भस्मसात झाली. ती पुन्हा उभी राहून उत्पादन सुरू होईपर्यंत १९९७ साल उजाडले. दरम्यान जग बरेच पुढे निघून गेले होते. पुढे ही संस्था अवकाश विभागाकडे गेली. 'सेमीकंडक्टर लॅबोरेटरी' हे नवे नाव तिला मिळाले, आणि आता ती इलेक्ट्रॉनिक्स व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहे. अग्निबाणांसाठी तयार झालेली 'विक्रम' ही भारतीय चिप येथेच घडली.

त्याच काळात भारतीय मध्यमवर्गीय घरांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला मोठ्या संख्येने आल्या. शाळेतील संगणकापेक्षा हे यंत्र मुलांच्या हाती कितीतरी अधिक वेळ राहिले. घरातील दूरचित्रवाणी संचाला ते जोडता येई, बिघडले तर गल्लीतला दुरुस्तीवाला खोलून पाही आणि डब्यांची मित्रामित्रांत अदलाबदल चाले. चीनमध्ये तर सुबोर नावाच्या कंपनीने या नकलेला कळफलक जोडून ती 'अभ्यासयंत्र' म्हणून विकली. आईवडील अभ्यासासाठी विकत घेत आणि मुले खेळ खेळत, हे खरेच. पण त्या कळफलकावर पहिल्या दोन ओळी टंकणारी मुलेही त्यांतच होती. कन्सोल आणि संगणक यांच्यामधली भिंत गरीब देशांच्या बाजारपेठेने अशी आपल्या परीने पाडली.

आजची स्थिती पाहिली तर या वादाच्या दोन्ही बाजूंना धक्का बसावा. २०१३ पासून सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या कन्सोलांत पीसीच्याच घराण्यातील चिप्स बसू लागल्या. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ मध्ये घडवलेल्या 'आर्म' चिपचे वंशज निन्टेंडोच्या २०१७ मधील 'स्विच' कन्सोलात आणि जवळजवळ प्रत्येक भ्रमणध्वनीत आहेत. यंत्रांचे अंतरंग पुन्हा एक झाले. परंतु किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न मात्र अधिक तीव्र झाला. सोनीच्या २००६ मधील 'प्लेस्टेशन ३' या कन्सोलवर दुसरी कार्यप्रणाली चालवण्याची मुभा होती. तिचा लाभ घेऊन अमेरिकेच्या वायुदलाने १,७६० कन्सोल एकत्र जोडून एक महासंगणक उभा केला. आणि १ एप्रिल २०१० रोजी सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन एका सुधारित आज्ञावलीद्वारे ही मुभा काढून घेतली. ज्यांनी ती सुधारणा नाकारली, त्यांना महाजालावरून खेळणे बंद झाले. विकत घेतलेल्या वस्तूचा एक गुण विक्रीनंतर चार वर्षांनी विक्रेत्याने परत नेला. ग्राहकांनी न्यायालयात दावा लावला आणि तो पुढे तडजोडीने मिटला.

संगणकाच्या बाजूलाही अभिमान बाळगण्यासारखे फारसे उरलेले नाही. २००३ पासून 'स्टीम'सारख्या दुकानांतून खेळ घेणारा ग्राहक वस्तू विकत घेत नाही. वापराचा परवाना घेतो. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले मध्यवर्ती संगणक बंद करताच कन्सोल आणि पीसी या दोन्हींवर एकाच दिवशी निरुपयोगी झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला की, जेथे केवळ परवाना दिला जातो तेथे दुकानदाराने तसे स्पष्ट सांगावे. आपल्याकडे तर बहुसंख्य मुले कन्सोलवरही खेळत नाहीत आणि संगणकावरही नाही. ती भ्रमणध्वनीवर खेळतात. या यंत्रात १९८४ च्या शाळेतील संगणकापेक्षा लाखो पटींनी अधिक सामर्थ्य आहे, आणि त्याला कळफलकही आहे. फक्त आज्ञेची वाट पाहणारे ते लुकलुकणारे चिन्ह तेवढे नाही.

म्हणून पालक, शिक्षक किंवा ग्रंथपाल यांच्यापुढे यंत्र निवडण्याचा प्रसंग येतो, तेव्हा चित्राचा रेखीवपणा हा शेवटचा प्रश्न असावा. आधी तीन प्रश्न विचारावेत. मुलाला या यंत्रावर स्वतःचे काही लिहिता येईल काय? विकत घेतलेली वस्तू पाच वर्षांनी, विक्रेत्याच्या मर्जीवाचून, चालू राहील काय? आणि त्याच्यासमोर निवांत बसून चुका करायला मुलाला वेळ व जागा मिळेल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्र बनवणाऱ्याच्या हाती आहेत आणि त्यांवरून यंत्रायंत्रांत निवड करता येते. तिसऱ्याचे उत्तर घराने आणि शाळेनेच द्यायचे आहे. इतके झाल्यावर मुलाने खुशाल खेळावे. खेळातूनच 'हे कसे घडवले असेल?' हा प्रश्न त्याच्या मनात उठतो, आणि तो उठला त्या क्षणी यंत्राचे दार उघडे असले, म्हणजे पुरे.